विज्ञानकथांचा सुकाळ आणि आपण

मे महिन्यातल्या दुपारी वऱ्हाडात माणूस घराबाहेर पडत नाही. कूलरमध्ये पाणी भरायचे, खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडायचे आणि ऊन उतरायची वाट बघायची. अशाच एका उन्हाळ्यात पुण्याहून माझी नात अमरावतीला आमच्याकडे आली होती. तिने मोबाईलवर एक परदेशी मालिका लावली. पहिल्या दिवशी चार भाग, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारा हंगाम संपला. मी विचारले, "आता?" ती म्हणाली, "आता दुसरी. या प्रकारच्या खूप आहेत, आजोबा."

खूप आहेत हे खरेच आहे. परग्रहावरचे जीव, भविष्यातली नगरे, काळात मागे-पुढे जाणारी माणसे, स्वतःची बुद्धी असलेली यंत्रे. विज्ञानकथांच्या मालिकांचा असा पूर यापूर्वी कधी आला नव्हता. माझ्या मनात मात्र त्या वेळी दुसरेच गणित सुरू झाले. एक विज्ञानकथा वाचून पुरी व्हायला माझ्या आजोबांना काही वर्षे लागली होती. नातीला तीन दिवस पुरले. या दोन टोकांच्या मध्ये सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो बराचसा आपला, मराठीचा इतिहास आहे.

आजोबांची गोष्ट आधी सांगतो. २१ जुलै १९६९ चा दिवस. सकाळी साडेआठच्या सुमारास नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. अकोट तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती गर्दी जमली होती. बातमी ऐकून लोक थक्क झाले. कुणी हात जोडले, कुणी सरळ थाप आहे म्हणून सांगितले. आजोबा तेवढे शांत होते. ऐंशीच्या घरातला माणूस. ते म्हणाले, "हे मी वाचलं आहे." लोक हसले. म्हातारा चळला, असेच सगळ्यांना वाटले.

म्हातारा चळला नव्हता. १९०० साली 'केरळकोकिळ' या मासिकात 'चंद्रलोकची सफर' ही कथा क्रमशः येऊ लागली होती. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे हे मासिक कोचीनहून निघत असे. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची १८६५ सालची कादंबरी त्यात मराठी रूप घेऊन अवतरली होती. मराठी विज्ञानकथेचा आरंभ बहुतेक अभ्यासक इथूनच मोजतात. आजोबा त्या वेळी शाळेत होते. गावातल्या एका वकिलांकडे ते मासिक टपालाने येई. अंक आला की वकीलसाहेब वाचत, मग त्यांचे कारकून, मग आम्हा पोरांचा नंबर लागे, असे आजोबा सांगत.

व्हर्नच्या कथेत तीन माणसे एका पोकळ गोळ्यात बसतात आणि प्रचंड तोफेतून चंद्राकडे उडवली जातात. ती तोफ असते अमेरिकेतल्या फ्लोरिडात. अपोलो ११ मध्येही माणसे तीनच होती, यान सुटले तेही फ्लोरिडातून. पुढच्या भागात व्हर्नचे प्रवासी परत येऊन पॅसिफिक महासागरात पडतात. अपोलोचे वीरही तिथेच उतरले. तोफेतून माणूस उडवला तर त्या झटक्याने तो जिवंत राहणार नाही, ही गोष्ट वेगळी. पण कोचीनहून निघणाऱ्या एका मराठी मासिकाने वऱ्हाडातल्या एका पोराला एकोणसत्तर वर्षे आधी चंद्राच्या वाटेवर नेऊन सोडले होते. म्हणून त्या सकाळी गावात आजोबांना तेवढे आश्चर्य वाटले नाही.

मंडळी, इथे एक बाब ध्यानात घ्या. मराठीत विज्ञानकथा आली ती 'मालिका' म्हणूनच आली. महिन्याला एक तुकडा आणि खाली 'क्रमशः'.

पुढची वाट मात्र संथ होती. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही स्वतंत्र मराठी विज्ञानकथा आली. नंतर बराच काळ हा प्रकार अधूनमधून डोके वर काढी. द. पां. खांबेटे, द. चिं. सोमण, नारायण धारप यांनी तो जागता ठेवला. भा. रा. भागवतांनी व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणून बसवले. आमच्या पिढीने या गोष्टी वाचल्या त्या बहुतांशी वाचनालयांत. दिवाळी अंक आले की 'नवल' आणि 'धनंजय' यांच्यासाठी रांग असे. एक अंक दोन दिवसांत परत करायचा, उशीर झाला की दंड. अंक हाती येईपर्यंत त्याची शेवटची पाने कुणीतरी फाडून नेलेली असत. मग शेवट आपणच रचायचा. आज वाटते, त्या फाटक्या अंकांनी आम्हाला गोष्ट रचायला शिकवले.

१९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग कळले, की जगताप नावाचा कुणी लेखकच नाही. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते नाव बनवले होते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा उतरवून दिली होती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला स्वतःची कथा नावाच्या जोरावर छापून घ्यायची नव्हती. परीक्षकांनी ती कथा म्हणून वाचावी, एवढेच त्यांना हवे होते.

पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी विज्ञानकथेच्या या नव्या वाटेची दखल घेतली. १९७९ मध्ये नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे अशी एक फळीच उभी राहिली. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी ते गेले. मराठी विज्ञानकथेला दिवाणखान्यात मानाची खुर्ची मिळवून देणारा माणूस म्हणून त्यांचे नाव राहील.

आता पडद्याकडे वळू. दूरचित्रवाणी आपल्या भागात आली तीच मुळी एका विज्ञानकथा लेखकाच्या कल्पनेवर स्वार होऊन. आर्थर सी. क्लार्क यांनी १९४५ साली एका लेखात मांडले होते, की पृथ्वीभोवती ठरावीक उंचीवर उपग्रह फिरत ठेवला तर तो जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसेल आणि त्याच्यामार्फत संदेश जगभर पाठवता येतील. १९८३ च्या ऑगस्टमध्ये आपला इन्सॅट-१बी उपग्रह गेला आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत देशभर छोट्या शहरांतून प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली. कौलांवर अँटेना आले. मी नुकताच मास्तर झालो होतो. शेजारच्या घरात रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायचे. इंग्रजी कुणाला धड समजत नसे. पण चकतीच्या आकाराचे यान आणि टोकदार कानांचा स्पॉक पाहायला अर्धी आळी जमत असे. कुणीतरी छतावर चढून अँटेना फिरवायचे आणि खालून ओरडा व्हायचा, "आलं, आलं... गेलं!"

मग देशी प्रयोग झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' आल्या. १९९७ मध्ये 'शक्तिमान', १९९८ मध्ये 'कॅप्टन व्योम'. आज ती दृश्ये पाहिली तर हसू येते. पुठ्ठ्याची बटणे, चंदेरी कापडाचे पोशाख. पण माझ्या वर्गातल्या मुलांनी त्या काळात वहीच्या मागच्या पानांवर किती याने काढली, ते मी विसरलो नाही. त्या यानांवर तिरंगा असे.

मालिकांचा खरा पूर आला तो २०१६ नंतर. त्या वर्षीच्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आले, डिसेंबरमध्ये ॲमेझॉनची प्राइम व्हिडिओ सेवा आली आणि मधल्या सप्टेंबरात जिओने स्वस्त इंटरनेटचा बांध फोडला. तोवर एका जीबीला दोनशे-अडीचशे रुपये पडत. नंतर तेवढ्यात महिना निघू लागला. अकोटच्या पानठेल्यावर बसलेला पोरगा आणि न्यूयॉर्कमधला पोरगा एकच मालिका एकाच दिवशी पाहू लागले.

पण या पुरात विज्ञानकथाच इतक्या का? मला त्याची तीन-चार कारणे दिसतात. पहिले कारण खर्चाचे. परग्रहावरचे नगर उभारायला अफाट पैसा लागतो. दोन तासांच्या चित्रपटात तो वसूल होणे कठीण. तेच नगर पाच हंगाम वापरता आले तर परवडते. त्यातच संगणकाने काम सोपे केले. २०१९ च्या 'द मँडलोरियन' या मालिकेत कलाकारांच्या मागे एलईडी दिव्यांची प्रचंड भिंत उभी केली होती. वाळवंट पाहिजे तर भिंतीवर वाळवंट, बर्फ पाहिजे तर बर्फ. दुसरे कारण बाजाराचे. विनोद भाषेत अडकतो, कौटुंबिक कथा चालीरीतींत अडकते, पण यान कुठल्याही देशात यानच असते. तिसरे कारण या कथांच्या लांबीचे. आयझॅक असिमॉव्ह यांच्या 'फाउंडेशन'मध्ये शतकानुशतकांचा काळ येतो. तो दोन तासांत मावणार कसा? २०२१ मध्ये त्याची मालिका झाली. चिनी लेखक लिउ त्सिशिन यांची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' २०२४ मध्ये जगभर दिसली. गंमत अशी, की या दोन्ही कृती आधी मासिकांतूनच आलेल्या. 'फाउंडेशन'च्या कथा १९४२ पासून एका अमेरिकन मासिकात छापल्या जात होत्या, चिनी कादंबरी २००६ मध्ये एका चिनी मासिकात क्रमशः येत होती. म्हणजे विज्ञानकथा फिरून आपल्या मूळ घरी आली. आमच्या आजोबांच्या 'क्रमशः'कडे.

आणि चौथे कारण सर्वांत मोठे. लोकांच्या मनात भविष्याची धास्ती आहे. यंत्रे नोकऱ्या खातील का, पाणी उरेल का, ऊन सोसेल का, नवी साथ येईल का? ज्या समाजाला उद्याची काळजी वाटते तो उद्याच्या गोष्टी ऐकतो.

इथवर सारे ठीक. पण मला जे टोचते ते आता सांगतो.

वऱ्हाड म्हणजे कापूस. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. रेल्वे आली, खामगावला तर १८७० मध्ये खास फाटा टाकला. सरकी काढून गाठी बांधल्या जात, मुंबईला जात, तिथून बोटीने विलायतेला. आणि त्याच कापसाची धोतरे परत येऊन आमच्याच बाजारात विकली जात. रुई आपली, कापड त्यांचे. आमच्या पणज्याने आपल्याच शेतातला कापूस पैसे मोजून अंगावर घातला.

आज मालिका संपल्यावर सरकत जाणारी नामावली मी मुद्दाम वाचतो. दृश्यपरिणामांच्या यादीत आपली आडनावे पुष्कळ दिसतात. जगभरच्या चित्रपट-मालिकांचे हे काम मुंबई, चेन्नईसारख्या शहरांतून होते. 'ड्यून' चित्रपटाला दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले, त्यात डीनेग या कंपनीचा वाटा होता आणि त्या कंपनीचे मोठे मनुष्यबळ भारतात आहे. म्हणजे परग्रहावरची वाळू कणाकणाने रचणारे हात आपले. गोष्ट मात्र दुसऱ्याची. पुन्हा रुई आपली, कापड त्यांचे!

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे नाही. २०१९ मध्ये 'लैला' आली, तिच्यात पाण्यासाठी तहानलेले भविष्य होते. २०२० मध्ये 'जेएल ५०' आली, २०२१ मध्ये 'ओके कॉम्प्युटर'. स्वयंचलित मोटारीने माणूस मारला तर गुन्हेगार कोण, असा खासा प्रश्न तिने विचारला होता. पण या हिंदी-इंग्रजीतल्या. मराठीत, जिथे सव्वाशे वर्षांची विज्ञानकथेची परंपरा आहे, तिथे पडद्यावर असे काही शोधावेच लागते. पैसा नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. 'डार्क' ही जर्मन मालिका घ्या. एक काल्पनिक लहान गाव, एक गुहा, एक अणुवीज केंद्र आणि चार कुटुंबे. एवढ्या भांडवलावर तिने जग जिंकले. तिच्यात ना यान आहे ना परग्रह. आपल्या गावाकडे नीट पाहायची तयारी तेवढी आहे.

आमच्या गावातल्या एका वयस्क शेतकऱ्याने मला एकदा पारावर गाठले. त्यांचा नातू रात्रभर मोबाईलवर हेच पाहतो. ते म्हणाले, "गुरुजी, थे परग्रहावरचे लोकं दरखेपेस अमेरिकेतच काहून उतरते? आपल्या लोनारले त आभायातून अख्खा गोटा येऊन पडला. थो कोनी दाखोला काय?"

मी निरुत्तर झालो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर म्हणजे अशनीच्या आघाताने झालेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. तोही बसाल्टसारख्या काळ्या खडकात, जसा खडक चंद्रावर आहे. म्हणूनच चंद्र आणि मंगळ यांवरचे खळगे समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. एके काळी त्याचे वय पन्नास हजार वर्षे मानीत. नंतरच्या अभ्यासात ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघाले. आपल्या पूर्वजांनी त्याची गोष्ट रचलीच होती. तिथे लवणासुर लपला होता आणि विष्णूने त्याला मारले, म्हणून गावात दैत्यसूदनाचे देखणे मंदिर उभे आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असे तपासाअंती कळले. त्या वेळी राज्यातली टाळेबंदी अजून पुरती उठली नव्हती. बंद रस्ते, ओस पडलेली गावे आणि उल्कापाताच्या खळग्यात रंग बदलणारे पाणी! कुठल्याही लेखकाला आणखी काय हवे?

उन्हाचेच पाहा. मे २०२४ च्या अखेरीस अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले. दंगलीत लावत ते कलम उन्हासाठी! कामगारांना पाणी आणि सावली द्यावी, भर दुपारी शिकवण्या घेऊ नयेत, असे हुकूम निघाले. तीस वर्षांपूर्वी कुणी हे कथेत लिहिले असते तर संपादकाने 'अतिरंजित' असा शेरा मारून ती परत पाठवली असती.

आणि कापूस? २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जिवाणूतले जनुक कपाशीत घालून बोंडअळी मारायची, ही अस्सल विज्ञानकथा आमच्या शेतात घडली. काही वर्षांनी अळी त्यालाही पचवू लागली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडेच्या बोंडे पोखरली. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेले, तणनाशक सोसणारे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. बियाणे कुणाचे, ते पेरायचे की नाही हे ठरवायचे कुणी, निसर्गावर मिळवलेला विजय किती दिवस टिकतो, हे सारे प्रश्न परदेशी मालिकांत परग्रहावर घडतात. आमच्याकडे ते बांधावर घडतात, आणि त्यांत माणसे कर्जात बुडतात, जीवही जातात. म्हणून आपली गोष्ट आपण सांगितली पाहिजे, हा माझा आग्रह केवळ भाषेच्या अभिमानापोटी नाही. वऱ्हाडचा उद्या कसा असेल, याचे चित्र दुसऱ्या कुणी काढायचे ठरवले तर त्यात आपण असूच, याची खात्री कोण देणार?

परदेशी मालिका पाहू नका, असे मी नातीला म्हटले नाही. 'चंद्रलोकची सफर' तरी कुठे आपली होती? ती फ्रेंचच होती. पण तिच्यामागून मराठीत लिहिणारे उभे राहिले. बाहेरचे बी आणले म्हणून कुणी रान आपले नाही म्हणत नाही. ते पेरले पाहिजे, नुसते विकत घेऊन खाल्ले तर पुढच्या हंगामाला काय उरणार? आणि गोष्ट लिहायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. 'कृष्णविवर' कागदावरच लिहिली गेली होती.

सुटी संपायच्या आधी मी नातीला एसटीने लोणारला घेऊन गेलो. काठावर उभी राहून ती बराच वेळ खाली पाहत होती. मोबाईलला तिथे नीट रेंज नव्हती. तिने विचारले, "आजोबा, तो दगड पडला तेव्हा इथे कोणी होतं का?"

मी म्हटले, "माहीत नाही. तूच ठरव."

परतीच्या प्रवासात मेहकरपर्यंत ती वहीत काहीतरी खरडत होती. मी वाचायला मागितले तर तिने हाताने पान झाकले. पुरे झालेले नाही म्हणाली. मी आग्रह केला नाही. आमच्या घरात वाट पाहायची सवय जुनी आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)